कमाई थोडी, धंदा स्वतःचा: आयकर, पेन्शन आणि विम्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवणकाम, खानावळ, रिक्षा, शिकवण्या, वायरिंग, मेंदी, किराणा, नकाशे काढून देणं. पगाराची पावती नसलेल्या पण रोज कमावणाऱ्या लोकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कराचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा, २०२५ आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण छोट्या धंद्याच्या कलमाला गावातला कर सल्लागार अजून ‘चव्वेचाळीस एडी’च म्हणतो, म्हणून इथेही जुनेच क्रमांक ठेवलेत.

महिन्याला पंधरा-वीस हजार सुटतात. मला आयकर लागतो का?

नाही. नव्या करपद्धतीत वर्षाच्या ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के आणि ८ ते १२ लाखांवर १० टक्के कर निघतो, पण एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून तोही शून्यावर येतो. पगारदारांना मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मात्र धंदेवाल्यांना नाही. म्हणून ‘पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही’ हे जे कानावर येतं, ते आपल्यासाठी नव्हे.

शेअर विकून झालेला नफा वेगळा. त्यावर खास दरानं कर लागतो आणि ८७ए ची सूट त्या कराला चालत नाही.

कर शून्य, तर रिटर्न भरायचं कशाला?

शून्य कराचे दोन प्रकार आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल तर कर मुळातच लागत नाही आणि साधारणपणे रिटर्नची, म्हणजे उत्पन्नाचं विवरणपत्र भरण्याची, सक्तीही नाही. उत्पन्न ४ लाखांच्या वर पण १२ लाखांच्या आत असेल तर कर निघतो आणि ८७ए खाली माफ होतो. ती सूट रिटर्नमधूनच मिळते, त्यामुळे इथे रिटर्न भरावंच लागतं. ‘बारा लाखांपर्यंत काही करायचं नाही’ असं समजून कित्येक जण गप्प बसतात.

उत्पन्न ४ लाखांच्या आत असूनही सक्ती लागू होते अशी काही कारणं आहेत. धंद्याची उलाढाल ६० लाखांच्या वर, व्यावसायिक फी १० लाखांच्या वर, वर्षभरात कापला गेलेला टीडीएस (पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) २५,००० किंवा जास्त (ज्येष्ठांसाठी ५०,०००), विजेचं बिल १ लाखाच्या वर, परदेश प्रवासावर २ लाखांच्या वर खर्च, बचत खात्यात वर्षभरात ५० लाख किंवा जास्त भरणा. छोट्या माणसाला यातलं टीडीएसचं कारणच नेहमी लागू पडतं.

सक्ती असून मुदत चुकली तर एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर ५,००० रुपये विलंब शुल्क आहे. सक्ती नसताना उशिरा भरलं तर शुल्क नाही.

सक्ती नसली तरी भरावं, असं माझं मत आहे. गृहकर्ज, दुकानाचं कर्ज, व्हिसा, मुलाच्या शिक्षणाचं कर्ज, सगळीकडे दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागतात. गरज पडल्यावर एकदम तीन वर्षांची भरायला जावं, तर तोवर मागची वर्षं हातातून गेलेली असतात.

मी वही ठेवत नाही. उत्पन्न किती दाखवायचं?

कलम ४४एडी यासाठीच आहे. उलाढाल २ कोटींच्या आत असलेल्या छोट्या धंद्यानं (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींच्या आत) खर्चाची बिलं न दाखवता उलाढालीचा ठरावीक भाग उत्पन्न म्हणून दाखवायचा. रोख जमेवर किमान ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या जमेवर किमान ६ टक्के. हिशेबाच्या वह्या ठेवण्याची आणि ऑडिटची कटकट नाही. फॉर्म आयटीआर-४, ज्याला ‘सुगम’ म्हणतात.

समजा सांगलीत एक बाई ब्लाउज आणि ड्रेस शिवून देतात. वर्षाची जमा ६ लाख, त्यातले साडेचार लाख यूपीआयनं, दीड लाख रोख. साडेचार लाखांचे ६ टक्के २७,००० आणि दीड लाखाचे ८ टक्के १२,००० मिळून किमान उत्पन्न ३९,००० रुपये.

आता खरी गंमत. दोरा, अस्तर, वीज, दुकानभाडं, मदतनीस बाईचे पैसे वजा जाऊन या बाईंना प्रत्यक्षात तीन लाख सुटतात. मग ३९,००० दाखवायचे की ३ लाख? कायदा ६ आणि ८ टक्के ‘किमान’ म्हणतो, आणि कमाई त्याहून जास्त झाली असेल तर ती दाखवायला सांगतो. तरीही सवयीनं सहा टक्क्यांचाच आकडा टाकला जातो. यात कायद्याचा प्रश्न तर आहेच, पण व्यवहार म्हणूनही हे खुळेपणाचं आहे. ३ लाखांवरही कर शून्यच आहे. वाचलं काहीच नाही, आणि पुढे दुकान वाढवायला कर्ज मागायला गेल्या की बँकेच्या कागदावर त्यांची वर्षाची कमाई ३९,००० दिसते. महिन्याला सव्वातीन हजार कमावणाऱ्या बाईला कोण कर्ज देईल? अपघाताच्या दाव्यात भरपाई ठरवतानाही कमाईचा पुरावा म्हणून हीच रिटर्नं पुढे येतात. १२ लाखांपर्यंत कर माफ असताना खोटी गरिबी कागदावर आणून हाती काही लागत नाही.

४४एडी सगळ्यांना मिळत नाही. कमिशनवर काम करणारे, म्हणजे विमा एजंट, दलाल, आणि कुठलाही एजन्सीचा धंदा यातून वगळलेले आहेत. शिवाय एकदा या पद्धतीत येऊन पुढच्या पाच वर्षांत किमान टक्केवारीपेक्षा कमी नफा दाखवत बाहेर पडलात, तर त्यानंतर पाच वर्षं तिचा दरवाजा बंद.

डॉक्टर, वकील, इंजिनियर, आर्किटेक्ट, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, अंतर्गत सजावटकार अशा ठरावीक व्यवसायांना ४४एडीए लागतं. जमा ५० लाखांच्या आत (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख) आणि उत्पन्न किमान ५० टक्के. मालवाहू टेम्पोवाल्यांसाठी ४४एई आहे. हलक्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात. प्रवासी रिक्षा त्यात येत नाही, ती ४४एडीत.

माझ्या बिलातून दहा टक्के कापून घेतात. ते पैसे गेले का?

गेले नाहीत, तुमच्या पॅनवर जमा आहेत. साताऱ्यातला एखादा सिव्हिल इंजिनियर बिल्डरांना नकाशे काढून देतो आणि वर्षाची फी ५ लाख होते. एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० च्या वर फी गेली की १० टक्के टीडीएस लागतो. सगळ्या फीवर तो कापला गेला तर ५०,००० रुपये अडकले. ४४एडीएप्रमाणे त्याचं उत्पन्न अडीच लाख, कर शून्य, म्हणजे पूर्ण ५०,००० परत मिळायला हवेत. पण रिटर्न भरलं तरच. आणि टीडीएस २५,००० च्या वर असल्यानं इथे ते सक्तीचंच आहे.

ठेक्याच्या कामावर, म्हणजे रंगकाम, वायरिंग, केटरिंग वगैरेवर, व्यक्तीला १ टक्का कापतात. एकाच बिलाची रक्कम ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली तर. पॅन दिला नसेल तर हाच दर २० टक्क्यांवर जातो. आयकराच्या पोर्टलवर फॉर्म २६एएस उघडून कापलेली रक्कम तिथे दिसते का ते बघा. दिसत नसेल तर कापणाऱ्यानं ती भरलेली नाही किंवा पॅन चुकवलाय. आधी त्याच्याकडे तगादा लावा.

ठेकेदारीच्या बिलासाठी किंवा व्यावसायिक फीसाठी १५जी फॉर्म देऊन टीडीएस थांबवता येत नाही. तो बँकेच्या व्याजासारख्या ठरावीक गोष्टींसाठी असतो.

यूपीआयवर पैसे घेतले की कर लागतो, खरं आहे का?

कर कमाईवर लागतो, ती कशी आली यावर नाही. उलट ४४एडीत यूपीआयवाल्याला ८ ऐवजी ६ टक्क्यांची सवलत आहे. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमेवरून नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत दुकानांवर ‘फक्त रोख’च्या पाट्या लागल्या, तो मामला जीएसटीचा होता. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. खानावळ सेवेत मोडते, हे ध्यानात ठेवा.

भावानं पाठवलेले पैसे, भिशीची रक्कम आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकाच खात्यात येत असतील तर पुढे कुणी विचारल्यावर वेगळे करून दाखवणं फार जड जातं. धंद्याचा क्यूआर कोड स्वतंत्र बचत खात्याला जोडा. खर्च काही नाही.

व्यवसाय कर म्हणजे हाच का?

नाही, तो राज्याचा वेगळा कर. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायांची यादी आहे: वकील, डॉक्टर, तांत्रिक सल्लागार, विमा एजंट, दलाल, नोंदणीकृत व्यापारी वगैरे. त्यात तुमचा व्यवसाय असेल तर नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे. आयकर शून्य असला तरी हा भरावा लागतो, आणि थोडी कमाई असलेल्याला हेच जास्त टोचतं. ६५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना माफी आहे.

जुनी करपद्धत घेऊ का? एलआयसीचे हप्ते आहेत.

थोड्या कमाईला नको. जुन्या पद्धतीत सूट ५ लाखांपर्यंतच पोचते. शिवाय धंद्याचं उत्पन्न असलेल्यानं फॉर्म १०-आयईए भरून जुनी घेतली आणि पुन्हा नवीकडे वळला, तर परत जुनीकडे जाता येत नाही. पगारदारांसारखी दरवर्षी निवड आपल्याला नाही.

पगारदारांचा पीएफ कापतात, अर्धा मालक घालतो. माझ्यासाठी तसं काय?

सक्तीचं काहीच नाही. पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) मालक-नोकर नात्यावर उभे आहेत. ज्याचा मालक तो स्वतःच आहे, त्याच्याकडून सरकार निवृत्तीसाठी दमडीही मागत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण साठीनंतर त्याच्या नावावर आपोआप काही जमलेलंही नसतं. ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळू शकतात, पण त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची अट आहे. धंदा करून जगणारं घर त्या अटीत बसणं अवघडच. त्यामुळे जे काही आहे ते स्वतः जाऊन सुरू करावं लागतं, आणि मुख्य दोन योजनांत शिरायचं वय ४० ला संपतं.

श्रम योगी मानधन घेऊ की अटल पेन्शन?

प्रधानमंत्री श्रम योगी मानधन २०१९ ची. वय १८ ते ४०, महिन्याचं उत्पन्न १५,००० पर्यंत, आयकर भरणारे आणि पीएफ-ईएसआयमधले नकोत. १८ व्या वर्षी महिना ५५ रुपये, २९ व्या वर्षी १००, ४० व्या वर्षी २००. तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालतं. साठीनंतर महिना ३,००० रुपये. पेन्शन सुरू झाल्यावर मृत्यू झाला तर जोडीदाराला निम्मी, त्यानंतर बंद. मुलांना काही जात नाही. नोंदणी सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी कामं करून देणाऱ्या सेवा केंद्रात, होते. दुकानदारांसाठी हप्ते आणि पेन्शन हेच असलेली लघु व्यापारी मानधन योजना आहे. तिथे उलाढालीची मर्यादा दीड कोटी.

अटल पेन्शन २०१५ ची. वय तेच १८ ते ४०, उत्पन्नाची मर्यादा नाही, पण १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्यांना प्रवेश बंद. १,००० ते ५,००० पर्यंतची पेन्शन आपण निवडायची. ५,००० साठी १८ व्या वर्षी महिना २१०, तिसाव्या वर्षी ५७७, चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये. आपल्यानंतर जोडीदाराला तेवढीच पेन्शन आणि दोघांनंतर वारसाला साडेआठ लाख.

हप्ता जेमतेम झेपत असेल तर मानधन योजना, कारण अर्धे पैसे सरकारचे. महिन्याला पाच-सहाशे निघत असतील तर अटल, कारण वारसाला रक्कम परत मिळते. दोन्हींत एक दुखणं आहे आणि एजंट ते सांगत नाहीत: पेन्शनचा आकडा महागाईनुसार वाढत नाही. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर तीस वर्षांनंतरचे ३,००० रुपये आजच्या सव्वापाचशेच्या आसपास भरतात. तेवढ्यात घर चालणार नाही; औषधांचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

माझं वय ४६ आहे. आता काय?

पोस्टात किंवा बँकेत पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी): वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख, मुदत १५ वर्षं, पैसे बुडत नाहीत. किंवा एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), ज्यात वर्षाला १,००० रुपये भरून खातं चालू राहतं, पण परतावा बाजारावर असतो. कमाई अनियमित असणाऱ्याला मी पीपीएफ आधी सांगेन. सीझनमध्ये जास्त भरा, पावसाळ्यात धंदा बसला तर भरू नका, कोणी विचारत नाही. कर वाचतो म्हणून यात शिरू नका. नव्या पद्धतीत स्वयंरोजगारवाल्याला या दोन्हींची वजावट मिळत नाही.

रिटर्न भरलं तर अटल पेन्शन किंवा लाडकी बहीण बंद होते, असं सगळे म्हणतात.

भीती मोठी आहे, आणि तिच्यापायी लोक टीडीएसचा परतावासुद्धा सोडून देतात. रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अटल पेन्शनची अट कायद्यानुसार आयकर देणं लागणाऱ्या व्यक्तीबद्दल आहे. ज्याचं उत्पन्न ४ लाखांच्या आत आहे त्याला कर लागतच नाही. त्यानं शून्याचं रिटर्न भरलं म्हणून तो करदाता होत नाही.

माझी लाडकी बहीण योजनेत दोन अटी एकत्र वाचाव्या लागतात. कुटुंबात कोणी आयकरदाता नको, आणि कुटुंबाचं एकत्रित वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. सांगलीच्या त्या शिलाईवाल्या बाईंचं खरं उत्पन्न ३ लाख असेल तर त्या योजनेत बसतच नाहीत, रिटर्न भरा किंवा भरू नका. रिटर्नमुळे अपात्रता येत नाही, ती फक्त दिसते. हे ऐकून नाराज होणारे भेटतात, पण इकडे कर्जासाठी एक आकडा आणि तिकडे योजनेसाठी दुसरा, हे आधार आणि पॅन जोडलेल्या जमान्यात फार दिवस चालत नाही. ज्यांचं कुटुंब खरोखरच अडीच लाखांच्या आत आहे, त्यांनी निर्धास्त रिटर्न भरावं.

ई-श्रम कार्डावर दर महिन्याला पैसे येतात का?

नाही. ई-श्रम ही २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली असंघटित कामगारांची नोंदवही आहे. वय १६ ते ५९, आयकरदाते आणि पीएफवाले नकोत, नोंदणी फुकट, बारा आकडी क्रमांक मिळतो. कार्ड काढून ठेवा, पण ‘ई-श्रमचे पैसे जमा करतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या. बांधकामावर स्वतंत्रपणे जाणाऱ्या गवंड्यानं किंवा सुतारानं त्याऐवजी आधी बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करावी. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि लाभ प्रत्यक्ष असतात.

मी डिलिव्हरीचं काम करतो. मला कंपनी काही देणं लागते का?

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार (कामागणिक किंवा ॲपवरून काम घेणारे) पहिल्यांदा कायद्याच्या पुस्तकात आले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षा निधीत घालायचे आहेत. हा निधी सामाईक आहे, तुमच्या नावाचं पीएफ खातं नव्हे. ई-श्रमवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंद असू द्या.

बँकेतून दरवर्षी ४३६ आणि २० रुपये कापतात, ते कसले?

४३६ म्हणजे जीवन ज्योती विमा: वय १८ ते ५०, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. नव्यानं घेतल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा: वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. वर्षाला ४५६ रुपयांत याहून स्वस्त विमा बाजारात नाही, म्हणून हे बंद करायला जाऊ नका. मात्र दोन बँकांत घेऊन दुप्पट मिळत नाही. आणि घरच्यांना माहीतच नसेल तर दावा करणार कोण? पासबुकावर त्या ओळीखाली रेघ मारून घरी दाखवून ठेवा.

दवाखान्याचं काय?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्यांना खुली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, यादीतल्या आजारांसाठी, यादीतल्या रुग्णालयांत. तिथे गेल्यावर आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा रुग्णालयातला मदतनीस, गाठा. काम बुडालं त्या दिवसांची मजुरी कोणीच देत नाही. त्यासाठी दोन-तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात असणं हाच उपाय.

धंदा माझा, पण क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याचा. रिटर्न कुणी भरायचं?

ज्यानं कमावलं त्यानं. शिलाई तुमची तर उत्पन्न तुमचं. आता ते सगळं नवऱ्याच्या खात्यात दिसतंय, म्हणजे कागदोपत्री तुम्ही काहीच कमावत नाही आणि त्यांची कमाई फुगलेली. स्वतःच्या खात्याचा कोड आजच लावून घ्या. पेन्शन आणि विमासुद्धा नवरा-बायकोनं आपापल्या नावानं स्वतंत्र घ्यायचा. अटलचे दोन हप्ते जड जात असतील तर दोघांनी २,००० ची पेन्शन निवडली तरी चालेल.

दोन महिने धंदा बसला आणि अटलचा हप्ता चुकला. खातं बुडलं का?

बुडत नाही. थकलेल्या दर १०० रुपयांमागे महिना १ रुपया जादा लागतो आणि खात्यात पैसे आले की बँक मागचे हप्ते एकदम कापून घेते. त्यामुळे एखाद्या दिवशी माल भरायला ठेवलेले पैसे अचानक कमी झालेले दिसतात. हप्ता तिमाही किंवा सहामाहीही करता येतो. ज्यांची कमाई सणासुदीला होते त्यांनी बँकेत जाऊन अर्ज देऊन तसा बदल करून घ्यावा. जीवन ज्योतीचं मात्र असं नाही. मेच्या अखेरीस खात्यात ४३६ नसतील तर १ जूनला विमा संपला, आणि नंतर घेतला तर तीस दिवसांची अट पुन्हा पहिल्यापासून. मेच्या २० तारखेच्या आसपास खात्यात पाचशे रुपये राहतील एवढं बघा.